अँटिव्हायरस : पडद्यामागील पहारेकरी

संगणक संथ झाला की अनेक जण ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहतात. तेथे अँटिव्हायरसच्या नावाने एक नव्हे, तर चार-पाच प्रक्रिया चालू असल्याचे दिसते. एकाच आज्ञावलीला इतक्या प्रक्रिया कशासाठी, असा प्रश्न पडतो. आणि मग घाईने एखादी प्रक्रिया बंद केली जाते. थोड्या वेळाने त्याच संगणकावर इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड टाइप होतो. खरा धोका तेथेच आहे.

बँकेच्या शाखेत दारावरील सुरक्षारक्षक, रोखपाल आणि तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारे अधिकारी वेगवेगळे असतात. सर्व अधिकार एकाच हाती असू नयेत, हा त्यामागील हेतू. अँटिव्हायरसची रचनाही याच तत्त्वावर आधारलेली असते.

कामाची विभागणी

मुख्य प्रक्रिया अहोरात्र पहारा देते. फाइल उघडताना किंवा उतरवून घेताना ती तपासली जाते. विंडोजमधील मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ ही अशीच प्रक्रिया होय. दुसरी प्रक्रिया नव्या विषाणूंच्या खुणांची यादी अद्ययावत करते, तर तिसरी संकेतस्थळांवर व ई-मेलवर लक्ष ठेवते. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्ह आणि सूचना हे आणखी एका प्रक्रियेचे काम. ती स्वतंत्र असण्यास तांत्रिक कारण आहे. विंडोज व्हिस्टापासून पार्श्वभूमीतील सेवा वापरकर्त्याच्या पडद्यापासून अलग ठेवल्या जातात. त्यामुळे वापरकर्त्याशी संवाद साधण्यास निराळी प्रक्रिया लागते.

विभागणीचा लाभ

संशयास्पद फाइल तपासणे हेच मुळात जोखमीचे काम आहे. मे २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांना मायक्रोसॉफ्टच्या तपासणी यंत्रणेत गंभीर त्रुटी आढळली. विशिष्ट प्रकारे रचलेली फाइल नुसती तपासली गेली, तरी हल्लेखोराला संगणकाचा ताबा मिळू शकत होता. ती त्रुटी त्वरित दूर करण्यात आली. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये डिफेंडरची तपासणी मर्यादित अधिकारांच्या बंदिस्त कक्षात चालविण्याची सोय जाहीर झाली. तपासणारी प्रक्रिया कोलमडली किंवा फसली, तरी उर्वरित यंत्रणा सुरक्षित राहावी, हा त्यामागील विचार.

घातक आज्ञावली प्रथम पहारेकऱ्यालाच निकामी करू पाहतात. म्हणूनच अनेक अँटिव्हायरस आपल्या प्रक्रिया सहजासहजी बंद होऊ देत नाहीत, अथवा बंद पडलेली प्रक्रिया पुन्हा सुरू करतात. तो दोष नसून संरक्षण आहे.

ग्राहकांनी काय करावे?

संपूर्ण तपासणीच्या वेळी संगणक काहीसा संथ होणे स्वाभाविक आहे; ती तपासणी काम नसलेल्या वेळी ठेवावी. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात. एखाद्या नावाविषयी शंका आल्यास त्या प्रक्रियेवर उजवी क्लिक करून फाइलचे स्थान व निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी पाहावी, कारण घातक आज्ञावली परिचित नावेही धारण करतात.

‘तुमच्या संगणकात अनेक अनोळखी प्रक्रिया चालू आहेत’ असे दूरध्वनीवरून सांगून संगणकाचा ताबा मागणाऱ्यावर मात्र कदापि विश्वास ठेवू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.