रॉजर मूर यांचा जामानिमा

१९७३ ते १९८५ या बारा वर्षांत रॉजर मूर यांनी जेम्स बाँड या ब्रिटिश हेराची भूमिका सात चित्रपटांत वठविली, आणि सातही खेपांना परीक्षकांनी त्यांच्या अभिनयाविषयी जे काही लिहिले ते बहुधा त्यांच्या उंचावलेल्या भिवईपाशी येऊन थांबले. मूर हे वृत्तीने विनोदी असल्यामुळे आपल्याला भिवई उंचावण्यापलीकडे काही येत नाही असे तेच हसतहसत सांगत फिरत, आणि टीकाकारांचे काम त्यामुळे अधिकच सोपे झाले. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्यांना मूर यांची कारकीर्द खरोखर तपासावयाची असेल त्यांनी मुद्रेचा नाद सोडून कोटाच्या कॉलरीपासून आरंभ करावा. कारण अभिनयात त्या बारा वर्षांत फारसा फेरफार झाला नाही, शिंपी मात्र तीन झाले, आणि त्या तिघांच्या कात्रीने जे नोंदवून ठेवले आहे ते त्या कालखंडाचे अस्सल दप्तरच होय.

मूर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९२७ रोजी लंडनच्या स्टॉकवेल भागात झाला. वडील पोलीस खात्यात होते. आई मात्र कलकत्त्यात जन्मलेली, तेथील एका इंग्रज कुटुंबातील. नाट्यशिक्षण घेऊनही प्रारंभीच्या वर्षांत नाटकांतून पोट भरेना, तेव्हा देखणेपणाचे भांडवल करून ते विणलेल्या स्वेटरांच्या जाहिरातींसाठी छायाचित्रे काढून घेऊ लागले. म्हणजे अभिनेता म्हणून नाव होण्यापूर्वी कपडे अंगावर वागविणे हाच त्यांचा व्यवसाय होता, आणि ही गोष्ट त्यांच्या पुढील कारकिर्दीवर शेवटपर्यंत उमटलेली दिसते. ‘द सेंट’ या दूरचित्रवाणी मालिकेने १९६२ पासून त्यांना घरोघरी पोहोचविले. त्यानंतरच्या ‘द पर्स्वेडर्स’ मालिकेत तर लॉर्ड ब्रेट सिंक्लेअरचे कपडे रॉजर मूर यांनी योजिले आहेत, अशी स्वतंत्र ओळच श्रेयनामावलीत झळकत असे. नटाने स्वतःच्या वस्त्रांचे श्रेय असे रीतसर पदरात पाडून घेतल्याची उदाहरणे विरळाच.

अशा गृहस्थाकडे बाँडची सनद आली तेव्हा ती कोरी नव्हती. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’साठी दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी शॉन कॉनरी या एडिंबरोच्या कष्टकरी वस्तीतून आलेल्या, कधीकाळी दूध घालणाऱ्या तरुणाला आपल्या स्वतःच्या शिंप्याकडे, लंडनच्या कॉन्डिट स्ट्रीटवरील अँथनी सिंक्लेअर यांच्याकडे नेले, आणि नव्या कपड्यांची भीड चेपावी म्हणून सूट घालूनच निजावयास लावले, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. कॉनरी यांचे केस तेव्हाच विरळ झाले होते आणि पहिल्या चित्रपटापासून त्यांच्या डोक्यावर टोप होता, ही गोष्ट त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. तात्पर्य, कॉनरींचा बाँड हा घडवून आणलेला सरदार होता. मूर हे पडद्यावर आयतेच सरदार म्हणून आले. शिवाय वयाने ते कॉनरींहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठे! ज्या भूमिकेतून कॉनरी थकून बाहेर पडले त्या भूमिकेत मूर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम शिरले.

तुलना टाळण्यासाठी निर्मात्यांनी आणि दिग्दर्शक गाय हॅमिल्टन यांनी जी युक्ती केली ती मुख्यतः वजाबाकीची होती. मूर यांना आधी वजन उतरविण्याचे आणि केस कापण्याचे फर्मान सुटले. मग ‘लिव्ह अँड लेट डाय’ या पहिल्या चित्रपटात डोक्यावरची हॅट गेली, प्रसिद्ध मार्टिनी गेली, सिगारेटच्या जागी सिगार आला, आणि सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे काळा डिनर सूट, जो बाँडचा जणू दरबारी पोशाख, तो संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसला नाही. नव्या बाँडचे प्रथमदर्शन होते ते त्याच्या राहत्या घरी, भल्या पहाटे, आद्याक्षरे भरतकाम केलेल्या पिवळ्या झग्यात, कॉफीच्या यंत्राशी झटापट करताना. कॉनरींचा बाँड जुगाराच्या मेजावर, धुराच्या वलयाआडून, आपले नाव सांगत अवतरला होता. त्याच्या उत्तराधिकाऱ्याला निर्मात्यांनी झग्यात उभे करावे यात त्यांचा धूर्तपणाही दिसतो आणि आत्मविश्वासही.

कपडे शिवले सिरिल कॅसल यांनी. हेही कॉन्डिट स्ट्रीटवरचेच, आणि ‘द सेंट’च्या दिवसांपासून मूर यांचे ठरलेले शिंपी. शर्ट फ्रँक फॉस्टर यांचे. कॅसल यांचा बेत कमरेला किंचित आवळलेला आणि खाली घेर सोडणारा असे. बाहीच्या टोकाला एकच बटण, आणि तेथे बाही थोडी फाकलेली. न्यूयॉर्कला उतरताना बाँड दुहेरी बटणपट्टीचा गडद निळा ओव्हरकोट घालतो आणि त्याच वेषात हार्लेमच्या कृष्णवर्णीय वस्तीत शिरतो, तेव्हा गुप्तहेराने इतके नजरेत भरावे याची गंमत चित्रपटच करून घेतो. अखेरच्या भागात काळ्या उंच गळ्याच्या स्वेटरावर चामडी पट्ट्याचे पिस्तूल अडकविलेले मूर दिसतात. माझ्या मते संपूर्ण मालिकेत त्यांना सर्वांत शोभलेला वेष तोच, आणि ज्याने स्वेटरांच्या जाहिरातींवर उमेदवारी केली त्याला तो शोभावा यात नवल कसले?

१९७४ चा ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ हा चित्रपट कथानकाच्या दृष्टीने यथातथाच. परंतु त्याचा शेवट कपड्यांवर बेतलेला आहे. स्कारामांगा या मारेकऱ्याने आपल्या बेटावरील आरसेमहालात बाँडचा एक हुबेहूब पुतळा उभा केलेला असतो. बाँड त्या पुतळ्याचेच कपडे चढवून त्याच्या जागी निश्चल उभा राहतो, आणि पुतळा समजून पाठ फिरविणाऱ्या शत्रूला गोळी घालतो. मूर यांच्या अभिनयाला लाकडी म्हणणाऱ्यांना याहून सौजन्यपूर्ण उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. याच चित्रपटात मोठ्या चौकड्यांचा कोट आहे, त्याविषयी मौन बाळगणेच इष्ट. आणि याच चित्रपटात थायलंडच्या उकाड्यात ती सफारी आहे, जिच्यापायी मूर आजतागायत बदनाम आहेत.

या सफारीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण तिच्यावर आपलाही थोडा हक्क पोहोचतो. हिंदुस्थान आणि आफ्रिका येथील इंग्रजी फौजांनी उष्ण हवेसाठी जाड सुती खाकी कापडाचा, चार खिशांचा आणि कमरपट्ट्याचा जो अंगरखा रूढ केला, त्याचाच शिकाऱ्यांनी उचललेला हा अवतार. १९६८ च्या सुमारास पॅरिसच्या इव्ह सें लॉराँ यांनी त्याला फॅशनच्या मांडवात आणले, आणि पुढल्या काही वर्षांत जो तो त्याच्या मागे लागला. महाराष्ट्रातील सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी डोळे उघडे ठेवून वावर केला त्यांना टेरिकॉटची सफारी ठाऊक नसणे अशक्य: तालुक्याचे साहेब, सहकारी कारखान्याचे पदाधिकारी, इमारतींचे कंत्राटदार, आणि आहेरात मिळालेली सफारी घालून सत्यनारायणाला बसलेले नवे जावई, या सर्वांचा तो जणू गणवेशच होता. साहजिकच बाँडची सफारी पाहून लंडनचा टीकाकार नाक मुरडी, तेव्हा आपल्याकडील प्रेक्षकाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नसावे. मूर यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की, त्यांनी सफारी घातली ती मोजक्याच प्रसंगी आणि थायलंड, ब्राझील, भारत अशा प्रदेशांत, जेथे लोकरीचा सूट घालून पाठलाग करणे हेच खरे वेडेपण ठरले असते. दोषी ठरवावयाचेच असेल तर त्या काळच्या कॉलरींना ठरवावे.

त्या कॉलरी सुपाएवढ्या झाल्या १९७७ साली. ‘द स्पाय हू लव्हड मी’ आणि १९७९ चा ‘मूनरेकर’ या दोन्ही चित्रपटांसाठी मूर यांनी रोमच्या अँजेलो यांच्याकडे कपडे शिवून घेतले. रोमन कात्रीचा बेत खांद्याशी ताठ, छातीवरील लॅपल रुंद, आणि पँट गुडघ्याखाली उमलत गेलेली. कैरोच्या क्लबात बाँड दुहेरी बटणपट्टीचा डिनर सूट घालून जातो आणि पुढे त्याच वेषात रशियन हेर अन्या हिच्यासह वाळवंट तुडवीत निघतो; रुंद लॅपलची काळी आकृती वाळूच्या पार्श्वभूमीवर चालताना पाहून हसूही येते आणि ते दृश्य स्मरणातही राहते. या चित्रपटात बाँड आपल्या हुद्द्याचा, म्हणजे आरमारातील कमांडरचा, गणवेशही चढवितो. सैन्यात प्रत्यक्ष अधिकारी राहिलेल्या मूर यांना तो सहज पेलला. ‘मूनरेकर’ हा इंग्लंडमधील जबर करांमुळे फ्रान्सच्या स्टुडिओंत चित्रित झाला, आणि त्यात तर वेषांतरांचा सुकाळच आहे. व्हेनिसमध्ये निळा ब्लेझर, दक्षिण अमेरिकेत गुराख्याचा पोंचो, आणि शेवटी अंतराळवीराचा पिवळा पोशाख. नायकाने वातावरणच सोडल्यावर शिंप्याने तरी काय करावे!

मनगटाकडेही पाहावे. १९७३ साली बाँडकडे एक लाल अंकांचे पल्सर आणि एक चुंबकाची करामत असलेले रोलेक्स अशी दोन घड्याळे होती. १९७७ पासून मात्र जपानी सायको आले, अंकांचे, आणि त्यातून निरोपाची छापील पट्टीही बाहेर पडू लागली. स्विस घड्याळांच्या धंद्यावर त्या वर्षांत जे संकट कोसळले त्याची ही पडद्यावरील नोंद.

अंतराळातून परतल्यावर मालिकेला जमिनीची आठवण झाली. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’चे दिग्दर्शन जॉन ग्लेन यांच्याकडे गेले, आरंभ बाँडच्या दिवंगत पत्नीच्या कबरीपाशी झाला, आणि शिंपी बदलले. लंडनच्या माउंट स्ट्रीटवरील डग्लस हेवर्ड यांनी मूर यांचे कपडे हाती घेतले आणि एका झटक्यात सत्तरचे दशक बाद केले. लॅपल मध्यम, खांदे मऊ, पँट सरळ, रंग राखी आणि गडद निळा. हेवर्ड यांचा सूट पाहिल्यावर तो कोणत्या साली शिवला हे सांगणे कठीण जाते, आणि उत्तम शिंप्याची कसोटी हीच असावी. यातील विपर्यास असा की, मूर यांना निर्दोष कपडे मिळाले ते वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या आगेमागे, जेव्हा धावण्याची आणि कड्यावरून लोंबकळण्याची कामे दुसऱ्यांनी करावी लागत होती. ही कामे बव्हंशी मार्टिन ग्रेस हे साहसपटू करीत. १९८२ साली ‘ऑक्टोपसी’च्या आगगाडीच्या दृश्यात त्यांना जबर दुखापत झाली. नटाची जागा असे साहसपटू घेत असल्यामुळे प्रत्येक सूटाच्या अनेक प्रती शिवाव्या लागतात: एक नटासाठी, एक साहसपटूसाठी, एक पाण्यात भिजण्यासाठी, एक फाटण्यासाठी. प्रेक्षकाला दुरून जो बाँड दिसतो तो पुष्कळदा नुसता हेवर्ड यांचा कोट असतो.

‘ऑक्टोपसी’ हा १९८३ चा चित्रपट आपल्या वाचकांना अधिक जवळचा, कारण त्याचा मोठा भाग उदयपुरात घडतो. एमा पोर्तियस यांनी योजिलेली त्यातील वस्त्रे हा एक स्वतंत्र तमाशाच आहे. आरंभीच बाँड आपला ट्वीडचा कोट उलटा करतो आणि आतून लष्करी गणवेश निघतो. वर नकली मिशी चिकटविली की कर्नल तयार. उदयपुरात तो हस्तिदंती रंगाच्या डिनर जॅकेटमध्ये खलनायक कमाल खानाशी सोंगट्या खेळतो, जिंकलेल्या नोटा खिशात कोंबतो, आणि मग त्याच शुभ्र जॅकेटमध्ये विजय अमृतराज यांच्या रिक्षातून बाजारातून पळतो. मागे पगडी बांधलेला, धिप्पाड कबीर बेदी. नोटांच्या त्याच जाड गड्डीत सुरा रुतून बाँडचा जीव वाचतो, आणि नोटा वाटताना तो हिंदी माणसाच्या जेवणाची जी थट्टा करतो ती आज ऐकताना कान टवकारतात. पुढे सफारीत तो शिकाऱ्यांपुढून रान तुडवितो. मगरीच्या आकाराच्या पडावातून तरंगतो. गोरिलाच्या कातड्यात शिरतो. आणि शेवटी पश्चिम जर्मनीतील अमेरिकी तळावर विदूषकाचा रंग तोंडाला फासून अणुबाँब निकामी करतो.

हे विदूषकाचे सोंग पुष्कळांना असह्य वाटले. मला ते मूर यांच्या सातही चित्रपटांतील सर्वोत्कृष्ट अभिनयाचे स्थळ वाटते. आयुष्यभर ज्याने उत्तम कपड्यांच्या जोरावर लोकांकडून अदब वसूल केली, त्याच्या अंगावर ढगळ विजार आणि नाकावर लाल गोळा असताना तो खरे सांगत आहे आणि कोणी ऐकत नाही, हा प्रसंग त्या भिवईच्या साहाय्यावाचून त्यांनी पेलला आहे. त्याच वर्षी कॉनरी एका प्रतिस्पर्धी चित्रपटातून बाँड म्हणून परतले होते, आणि तोल तरीही मूर यांच्याकडे झुकला.

१९८५ चा ‘अ व्ह्यू टू अ किल’ लवकर आटोपावा. मूर सत्तावन्न वर्षांचे होते. ॲस्कटच्या शर्यतींना मॉर्निंग कोट आणि उंच हॅट, अन्यत्र चामड्याचे आखूड जॅकेट. पहिले वयाला साजेसे, दुसरे नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी भूमिका सोडल्याचे जाहीर झाले. ‘ऑक्टोपसी’च्या वेळी भारतात पाहिलेले दारिद्र्य त्यांना अस्वस्थ करून गेले होते; १९९१ साली ते युनिसेफचे सदिच्छादूत झाले, त्या कार्यासाठी २००३ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि २३ मे २०१७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. बहुतेक बाँडपटांच्या प्रारंभी मॉरिस बाइंडर यांनी कल्पिलेले ते दृश्य असते: बंदुकीच्या नळीतून पांढऱ्या वर्तुळात नायक चालत येतो, वळतो आणि थेट आपल्यावर गोळी झाडतो. १९७७ साली पडदा रुंद झाल्यामुळे ते मूर यांच्यावर नव्याने चित्रित करावे लागले, आणि मग तोच तुकडा शेवटपर्यंत वापरला गेला. परिणामी हेवर्ड यांनी एवढ्या कष्टाने सरळ केलेली पँट ज्या तीन चित्रपटांत दिसते, त्या तिन्हींचा आरंभ रोमच्या फाकलेल्या पँटने होतो. वाचकांनी पुढल्या वेळी पिस्तुलाकडे न पाहता गुडघ्याखाली पाहावे.