तुटलेली लय

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागाला उंदीर नवा नाही. पोत्यांच्या थप्पीमागे बारदानाच्या चिंध्या आणि सुतळीचे तुकडे ओढून नेऊन मादी पिलांसाठी घरटे रचते. या चिंध्याच तिला पुरेशा मिळाल्या नाहीत तर?

कॅलिफोर्नियातील संशोधिका ताली बाराम यांनी नेमके हेच पाहिले. व्यालेल्या मादीला आठवडाभर घरट्याचे साहित्य अत्यल्प दिले. अन्न मात्र भरपूर. तरीही ती बिथरली. पिलांना चाटणे, पाजणे अर्ध्यावर टाकून ती वारंवार बाहेर जाई, पुन्हा येई. पिलांजवळचा एकूण वेळ फारसा घटला नव्हता; तुटली होती ती संगोपनाची लय. मोठेपणी त्या पिलांची स्मरणशक्ती उणी पडली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य बालपणीच्या ताणाचे मेंदूवरील परिणाम अभ्यासतात. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना लाभला. मुक्या जिवांना दुःख देऊन मिळवलेले हे ज्ञान अहिंसेच्या उपासकाला बोचणारच.

दिलासाही आहे. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या प्रयोगात, कमी चाटणाऱ्या मातेची पिले मायाळू मादीकडे सोपवली, तेव्हा ती शांत वाढली. त्यांतील माद्या पुढे स्वतःही मायाळू माता झाल्या.

उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण बाळंतीण सून बाळाला अर्धवट पाजून पाहुण्यांच्या चहासाठी दिवसातून कितीदा उठते, याची नोंद कोणत्या खतावणीत होते?