चेतापेशींच्या शेजारणी आणि ताणाची संप्रेरकं

पीएचडीच्या मुलाखतीत 'दीर्घकालीन स्मृती कशी तयार होते?' असं विचारलं की बहुतेक जण हिप्पोकॅम्पस, सिनॅप्स, एलटीपी हे एका दमात सांगून मोकळे होतात. उत्तर चूक नाही. पण 'मग यात ग्लियांचं काय काम?' असा पुढचा प्रश्न आला की खोलीत शांतता पसरते. दोष थोडा नावाचाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिर्शो यांनी या पेशींना 'न्यूरोग्लिया' म्हटलं, म्हणजे चेतासंस्थेचा डिंक. तेव्हापासून 'आधार देणाऱ्या पेशी' हे बिरूद त्यांना चिकटलं ते चिकटलंच. (जाता जाता: ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात, हे अजून काही नोट्समध्ये दिसतं. ते खोडून टाका. २००९च्या मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आहेत आणि बाकीच्या पेशी जवळपास तेवढ्याच.)

आज या ग्लियांपैकी फक्त अ‍ॅस्ट्रोसाइट पाहू. या ताऱ्यासारख्या पेशींचा एक पाय रक्तवाहिनीवर असतो, तर दुसऱ्या बाजूचे बारीक फाटे सिनॅप्सला बिलगलेले असतात. प्रौढ मेंदूतला ग्लायकोजेनचा साठा मुख्यतः यांच्याकडेच असतो. न्यूरॉन रोजच्या मिळकतीवर जगतात, साठवणीचा डबा शेजारणीच्या फडताळात. हा डबा उघडला की ग्लायकोजेनपासून लॅक्टेट तयार होतं. ते अ‍ॅस्ट्रोसाइटमधून एमसीटी१ आणि एमसीटी४ या वाहक प्रथिनांमार्फत बाहेर पडतं आणि न्यूरॉनमध्ये एमसीटी२मधून शिरतं. अ‍ॅस्ट्रोसाइट न्यूरॉनला लॅक्टेट पुरवतात, ही कल्पना पेलेरिन आणि माजिस्त्रेत्ती यांनी १९९४ साली मांडली होती. याचा स्मृतीशी संबंध आहे का, हे मात्र तपासायचं होतं.

ते काम २०११ साली क्रिस्तिना अल्बेरिनी यांच्या गटाने केलं. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा शोधनिबंध निष्कर्षासाठी नाही, प्रयोगाच्या रचनेसाठी वाचा. उंदराला उजेड असलेल्या कप्प्यात ठेवतात. अंधार आवडत असल्याने तो पलीकडच्या कप्प्यात जातो आणि तिथे त्याच्या पायांना सौम्य विजेचा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी आत जायला तो किती वेळ घेतो, त्यावरून आठवण मोजायची. संशोधकांनी प्रशिक्षणाआधी हिप्पोकॅम्पसमध्ये डीएबी हे रसायन सोडलं, जे ग्लायकोजेनचं विघटन थांबवतं. तासाभराने उंदरांना झटका नीट आठवत होता. चोवीस तासांनी मात्र नाही. म्हणजे शिकणं शाबूत होतं, टिकवणं बिघडलं होतं.

इथवर कुणीही म्हणेल की रसायनाने मेंदूला इजा झाली असेल. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. डीएबीबरोबर बाहेरून लॅक्टेट दिलं, तर आठवण परत टिकली. मग त्यांनी वाहक एकेक करून कमी केले. एमसीटी१ किंवा एमसीटी४ कमी केल्यावर आठवण गेली, पण लॅक्टेट दिल्यावर परत आली. एमसीटी२ कमी केल्यावर मात्र लॅक्टेट देऊनही उपयोग झाला नाही, कारण न्यूरॉनचं दारच बंद. लॅक्टेट कुठून कुठे जातं, ती दिशाच या तीन निकालांतून दिसते. 'काढून पाहिलं' एवढ्यावर न थांबता 'परत देऊन पाहिलं' आणि 'कुठे परत देऊन चालत नाही' इथपर्यंत जाणं, हे मला या कामात सगळ्यात जास्त आवडतं.

आता ताण. झटका बसला की अ‍ॅड्रेनल ग्रंथीतून अ‍ॅड्रेनलिन येतं. ते रक्त-मेंदू अडथळा सहज ओलांडत नाही. त्याचा निरोप व्हेगस चेतेमार्फत ब्रेनस्टेमला पोचतो आणि तिथल्या लोकस सेरुलियसमधून मेंदूभर नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते न्यूरॉनवरच काम करत असणार, असं आपण गृहीत धरतो. अल्बेरिनींच्याच गटाने २०१६ साली दाखवलं की हिप्पोकॅम्पसमध्ये या भीतीच्या आठवणीसाठी अ‍ॅस्ट्रोसाइटवरचे बीटा-२ रिसेप्टर लागतात, न्यूरॉनवरचे नाही, आणि प्रशिक्षणानंतरचं लॅक्टेट त्यांच्यामार्फतच सुटतं. थोडक्यात, 'हे लक्षात ठेव' हा निरोप शेजारणीकडे जातो आणि ती डबा उघडते.

माणसांतही धागा सापडतो. १९९४ साली काहिल, मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी लोकांना प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर देऊन चित्रांतून गोष्ट दाखवली. आठवड्याने भावनिक गोष्टीची आठवण फिकी निघाली, साध्या गोष्टीवर फरक नाही. मात्र ते औषध त्यांच्या अ‍ॅस्ट्रोसाइटवर लागू पडलं की न्यूरॉनवर, हे त्या प्रयोगातून कळत नाही. मुलाखतीत हे दोन निकाल जोडायचा मोह आवरा.

दुसरं संप्रेरक कॉर्टिसॉल, उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन. हे मेंदूत सहज शिरतं आणि त्याच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. शिकण्याच्या आसपास ते मध्यम प्रमाणात वाढलं तर आठवण पक्की व्हायला मदत होते. आठवताना वाढलं तर उलटं. १९९८ साली द क्वेर्व्हें यांच्या गटाने पाण्यातला मार्ग शिकलेल्या उंदरांना चाचणीच्या अर्धा तास आधी झटका दिला. जागा त्यांना सापडेना. दोन मिनिटं किंवा चार तास आधी दिला तर काहीच बिघडलं नाही, आणि कॉर्टिकोस्टेरॉन बनणं रोखलं की अर्ध्या तासाचा परिणामही गेला. परीक्षेच्या दारात कोरी पाटी होणारे आणि बाहेर पडल्यावर सगळं आठवणारे आपले मित्र इथे आठवणारच. आठवण पुसलेली नसते, त्या वेळी हाताला लागत नाही.

एक वाद अजून जिवंत आहे. लॅक्टेट हे न्यूरॉनचं इंधन आहे की संदेश? त्यातून ऊर्जा मिळते हे खरं, पण आठवण टिकायला ते नुसतं जळावं लागतं, की त्याच्यामुळे पेशीच्या आत एखादी साखळी सुरू होते? इंधनच हवं असेल तर तेवढीच ऊर्जा देणारं दुसरं काही दिल्यावर भागायला हवं. पहिल्या वर्षाला प्रस्ताव लिहायचा झाला, तर मी इथून सुरुवात करीन.