क्लिप खाली, नीडल वर!

तुमच्या बाईकला कार्ब्युरेटर आहे का? १ एप्रिल २०२० नंतर घेतली असेल, तर जवळजवळ नक्कीच नाही. त्या दिवशी बीएस-६ लागू झालं आणि पेट्रोल-हवेचं गणित सेन्सर आणि छोट्याशा कॉम्प्युटरच्या हवाली झालं. बटण दाबा, निघा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हेच सोयीचं, वाद नाही.

माझी वीकेंडची मैत्रीण मात्र जुन्या वळणाची आहे. दीडशे सीसीच्या आतली, सेकंडहँड, एअर-कूल्ड, फोर-स्ट्रोक डर्ट बाईक. हेडलाइट नाही, नंबरप्लेट नाही, त्यामुळे रस्त्यावर चालवायची सोय नाही. रविवारी सकाळी ती छोट्या हत्तीत बसून मुळशीपलीकडच्या मातीत जाते. गेल्या उन्हाळ्यात तिची तब्येत बिघडली. चढावर फुल थ्रॉटल दिला की दम तुटायचा, उतारावर सायलेन्सर फाटफाट करायचा आणि इंजिन असं तापायचं की बुटातून चटका लागावा. गाडीवर काहीच बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते पेट्रोल!

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्याकडे ते २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पसरलं. इथेनॉल स्वतःचा थोडा ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल, तर तो हे ओळखून जास्त पेट्रोल मागवतो. कार्ब्युरेटर बिचारा आंधळा. भोकातून जाईल तेवढंच पाठवणार! मग हवा जास्त, पेट्रोल कमी. याला म्हणतात ‘लीन’. उलट झालं तर ‘रिच’. रिच गाडी काळा धूर आणि वैताग देते. लीन गाडी गरम होते, आणि लक्ष दिलं नाही तर एक दिवस पिस्टन मागते.

जेट म्हणजे पितळेचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा, मध्ये भोक, अंगावर नंबर. केहिनच्या मेन जेटवर १०० लिहिलं असेल तर भोक साधारण एक मिलिमीटरचं. मिकुनीची नंबर द्यायची पद्धत वेगळी, म्हणून एकाचा १०० दुसऱ्यात बसवून तुलना करू नका. नाना पेठेतले माझे मेकॅनिक चाचा हे जेट जुन्या फिल्म रोलच्या डब्यांमध्ये नंबरवार ठेवतात. वय सत्तरीच्या पुढे, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, आणि दुकान दिवाळीनंतर बंद होणार. ते कळल्यावर मी सलग सहा रविवार त्यांच्याकडे स्टुलावर बसलो. ट्रॅक बुडाला, पण डबे बंद होण्याआधी हे शिकून घ्यायचं होतं.

त्यांचा पहिला फंडा: पाना उचलायच्या आधी चिकटपट्टी उचला. एक तुकडा थ्रॉटलच्या ग्रिपवर, एक शेजारी हाऊसिंगवर. बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा. मग गाडी पळवा आणि त्रास नेमका कुठल्या खुणेवर होतो ते बघा. इंजिनचा वेग किंवा गिअर इथे दुय्यम. कार्ब्युरेटरला कळतं ते थ्रॉटल किती उघडलाय एवढंच. पावपर्यंत पायलट जेटचं राज्य, पाव ते पाऊण नीडलचं, पाऊण ते फुल मेन जेटचं. सीमारेषा जरा धूसर असतात, पण कामचलाऊ नकाशा हाच. फुल थ्रॉटलला गाडी मरत असेल आणि तुम्ही पायलटचा स्क्रू फिरवत बसलात, तर नळ गळतोय स्वयंपाकघरात आणि प्लंबर बाथरूममध्ये!

दुसरा फंडा: कार्ब्युरेटरवर आळ घेण्याआधी एअर फिल्टर धुवा, व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासा, कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर नाही ना ते बघा. त्या चिरेतून हवा आत गेली की गाडी लीनसारखीच वागते.

मग मेन जेट. हा आधी, कारण नीडलकडे जाणारं पेट्रोलही त्याच्यातूनच येतं. फुल थ्रॉटलला गाडी बुडबुडली, जड झाली तर रिच. सपाट पडली आणि चोक किंचित ओढल्यावर सुधारली तर लीन. माझी सुधारली. १०० काढून १०५ घातला, एका वेळी एकच बदल, आणि चढावरचा दम परत आला.

पुढे नीडल. हिच्या डोक्याशी बारीक खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. इथे भले भले गोंधळतात, म्हणून पाठच करा: क्लिप खाली, नीडल वर, मिश्रण रिच. (काही मॉडेल्सना कंपनी एकच खाच देते. तिथे बारीक वॉशर घालून नीडल उचलतात.) मी एक खाच खाली आलो. अर्ध्या थ्रॉटलची कुरकुर संपली.

शेवटी पायलट. उतारावरची फाटफाट बहुतेक वेळा इथली असते, किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन वेग सोडायला तयार नसेल, तर पायलट लीन असल्याचा संशय पक्का. माझ्या कार्ब्युरेटरचा मिश्रण-स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे. तो पेट्रोल सोडतो, म्हणजे बाहेर फिरवला की रिच. एअर फिल्टरच्या बाजूला असता तर हवा सोडणारा, सगळं उलट. इंजिन चांगलं गरम करून, हा स्क्रू हळूहळू फिरवत स्लो सगळ्यात जलद आणि स्थिर कुठे होतो ते शोधायचं. ती जागा एक ते अडीच फेऱ्यांच्या आत सापडली तर जेट बरोबर. मला तीन फेरे लागत होते, म्हणजे जेट लहान. ३५ च्या जागी ३८ आला.

स्पार्क प्लगचा रंग? कॉफी कलर छान, पांढराफटक वाईट, काजळी म्हणजे रिच. पण आजच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीइतका खरं बोलत नाही, असं चाचांचं मत. ते कानावर जास्त भरवसा ठेवतात.

एकेकाळी या प्रांतात फोर-स्ट्रोकला कोणी विचारत नव्हतं, मोटोक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोकचा धूर. १९९७ मध्ये डग हेन्रीने लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये यामाहाची फोर-स्ट्रोक पहिली आणली आणि वारं फिरलं. २०१० मध्ये यामाहाच्या वायझेड-४५०एफ ला इंजेक्शन आलं. म्हणजे ज्या गाड्यांसाठी ही विद्या बहरली, त्यांनीच तिला लवकर रामराम केला.

लडाखला गाडी न्यायचा बेत असेल तर हिशेब उलटा. लेह साधारण ३,५०० मीटरवर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ ३० टक्के विरळ. म्हणजे गाडी रिच होणार, मेन लहान करावा लागणार, आणि खाली उतरल्यावर न विसरता परत मोठा. पुण्याहून महाबळेश्वरला जायला मात्र एवढा खटाटोप नको.

आणि हो, ई-२० फ्लोट बाऊलमध्ये आठवडे ठेवू नका. इथेनॉल ओल ओढतं आणि पायलटचं भोक सगळ्यात आधी बुजतं. ट्रॅकवरून आलं की बाऊलचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाका. मोकळ्या हवेत, आणि सिगारेटवाल्या मित्राला लांब उभं करून.

चाचांनी मला ९५ ते ११५ नंबरांचे मेन जेट विकले. पैसे पूर्ण घेतले, डबे फुकट दिले.