परक्या शहरातली बस आणि मुसाफिराचा हक्क

रमजानचा रोजा प्रत्येक सज्ञान आणि निरोगी मुसलमानावर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे. पण या आदेशाला लागूनच एक सवलत दिलेली आहे. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने राहिलेले रोजे पुढे सवडीने पूर्ण करावेत, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. आणि जकात कोणाला द्यावी याची जी आठ प्रकारच्या लोकांची यादी सूरह तौबामध्ये येते, तिच्या शेवटी ‘इब्नुस्सबील’ आहे. शब्दाचा सरळ अर्थ ‘वाटेचा मुलगा’. वाटसरू, मुसाफिर. गावी त्याचे घरदार असेल, शेतीवाडीही असेल. पण परमुलखात तो अडला, तर त्याची सोय करणे हे समाजाचे काम आहे.

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. यंदा नाथषष्ठी आणि रमजान एकाच महिन्यात आले. पैठणच्या वाटेवर दिंडीला कोणी पाणी देतो, कोणी चहा, कोणी मुक्कामाला ओसरी. वारकऱ्याला कोणी जात विचारत नाही आणि घरी तुझे किती एकर रान आहे, हेही विचारत नाही. तो वाटेवर आहे, एवढे पुरते.

मला आज बोलायचे आहे ते एका वेगळ्या मुसाफिराबद्दल. तो एक-दोन वर्षांसाठी परक्या शहरात जातो, तिथे राहतो, शिकतो आणि परत येतो. म्हणजे विद्यार्थी. त्याची पहिली परीक्षा वर्गात होत नाही, बसथांब्यावर होते. कोणती गाडी, किती पैसे, कुठे उतरायचे, रात्री परत यायला काही मिळेल का, हे ज्याला उलगडले त्याचेच शिक्षण पुढे सरकते. मुलगी असेल तर हा प्रश्न दुप्पट मोठा होतो.

या प्रवासाचा एक जुना आणि आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला दाखला आहे. अतिया फैजी या मुंबईच्या तय्यबजी घराण्यातल्या. जन्म 1877 चा, इस्तंबूलचा. त्यांची बहीण नाझली बेगम ही जंजिऱ्याच्या नवाबाची पत्नी; म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरूडशी या घराचे नाते होते. 1906 मध्ये अतिया शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या आणि मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. तिथून त्या बहिणींना रोजनिशीवजा पत्रे लिहीत. ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापून आली आणि 1921 मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात निघाली. ‘तहसील’ शब्द वाचून आपल्याला कचेरी आठवेल. पण इथे त्याचा अर्थ विद्या मिळवणे असा आहे.

अतिया मुंबईच्या होत्या, त्यामुळे आगगाडी आणि घोड्यांची ट्राम त्यांना नवी असण्याचे कारण नव्हते. मुंबईत ट्राम 1874 पासून होती. तरीही त्या काळी खानदानी घरातली मुलगी सहसा घरच्या बग्गीतून, सोबत कोणीतरी घेऊन बाहेर पडे. लंडनमध्ये कॉलेज होते ब्राँड्सबरी या वायव्येकडच्या उपनगरात. शहराचा मध्यभाग तिथून मैलोन्‌मैल लांब. व्याख्याने, संग्रहालये, ओळखीपाळखीची घरे, सगळे शहरभर पसरलेले. तिथे घरची बग्गी नव्हती. सगळ्यांसाठी असलेल्या गाडीत, सगळ्यांसारखे तिकीट काढून बसायचे होते.

आणि ते वर्षही साधे नव्हते. 1906 आणि 1907 या दोन वर्षांत लंडनची वाहतूक मुळापासून बदलत होती. जमिनीखालची पहिली रेल्वे तिथे 1863 मध्येच सुरू झाली होती, पण ती वाफेच्या इंजिनावर चाले आणि बोगद्यात धूर कोंडे. ब्राँड्सबरीकडे जाणारी मेट्रोपॉलिटन रेल्वे 1905 मध्ये विजेवर आली. खोल जमिनीखालच्या विजेच्या गाड्यांपैकी बेकरलू मार्ग मार्च 1906 मध्ये, पिकॅडिली मार्ग डिसेंबर 1906 मध्ये आणि हॅम्पस्टेडचा मार्ग जून 1907 मध्ये खुला झाला. वर रस्त्यावर घोड्यांची बस आणि मोटारबस शेजारी शेजारी धावत होत्या. भुयारी मार्ग वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि जो तो आपलाच मार्ग ठळक दाखवी. सगळ्या मार्गांचा मिळून एक नकाशा कंपन्यांनी एकत्र येऊन काढला तो 1908 मध्ये. म्हणजे अतिया तिथे शिकत होत्या तेव्हा नवख्या माणसाला तो आधारही नव्हता. विचारत विचारतच शहर शिकायचे.

त्या वर्षीचा रमजान ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ईद आली. नोव्हेंबरात लंडनचा सूर्य चार-सव्वाचारलाच मावळतो. कॉलेज आणि कचेऱ्या सुटण्याआधीच अंधार, वर धुके. त्या काळात लंडनला राहणारा कोणी रोजेदार असेल, तर त्याचा इफ्तार घरी कमी आणि वाटेवर जास्त झाला असणार.

एप्रिल 1907 मध्ये लंडनमध्ये अतियांची ओळख झाली कवी इक्बाल यांच्याशी. तेही तेव्हा तिकडे विद्यार्थीच होते. त्याच महिन्यात इक्बाल आणि शेख अब्दुल कादिर यांच्यासोबत त्या केंब्रिजला गेल्या, सय्यद अली बिलग्रामी यांच्या घरी. हे बिलग्रामी निजामाच्या हैदराबाद संस्थानातले मोठे विद्वान. आपला बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. आणि केंब्रिज विद्यापीठात बिलग्रामी कोणता विषय शिकवत होते? मराठी! उर्दूतून लिहिणारी मुंबईची विद्यार्थिनी, पंजाबचा कवी आणि मराठी शिकवणारे हैदराबादचे सय्यद, असे सगळे परक्या मुलखात एका घरी जमले. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत वावरणाऱ्या माझ्यासारखीला ही भेट फार जवळची वाटते.

अतियांना प्रकृतीमुळे तो अभ्यासक्रम पुरा करता आला नाही. 1907 मध्येच त्या परतल्या. पदवी आली नाही, पण त्यांची पत्रे लाहोरपासून दक्षिणेपर्यंत उर्दू वाचणाऱ्या घरांतल्या बायकांना मिळाली. एक बाई एवढ्या मोठ्या शहरात राहू शकते, फिरू शकते, शिकू शकते, हे त्यांनी घरबसल्या वाचले.

आता त्याच शहरात आजची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवरची माझी माजी विद्यार्थिनी सध्या लंडनला एम.एस्सी. करते. रमजान लागल्यावर तिचा फोन आला. अभ्यासाचे विचारले तर ती बसचेच सांगत बसली. तिथल्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. कार्ड टेकवायचे, आवाज आला की आत. एकदा भाडे कापले की तासाभरात दुसरी-तिसरी बस बदलली तरी जादा पैसे पडत नाहीत. सरकत्या जिन्यावर उभे राहायचे तर उजव्या हाताला. डावी बाजू घाईत असणाऱ्यांसाठी मोकळी. म्हाताऱ्या माणसासाठी, गरोदर बाईसाठी जागा ठरलेली. चाकाच्या खुर्चीतला माणूस आला की ड्रायव्हर बसची फळी खाली सोडतो आणि कोणी कुरकुर करत नाही.

“मॅडम, पहिले पंधरा दिवस मी फक्त थांबे मोजत होते,” ती म्हणाली. “आता डुलकी लागते.”

मार्चच्या सुरुवातीला तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. नेमकी सगळी माणसे कामावरून सुटायची वेळ. एकदा ती बसमध्येच होती आणि मोबाइलवर अजान वाजली. पिशवीत बाटली होती, खजूर घरी राहिले होते. पुढच्या सीटवर बसलेली सोमालियाची बाई मागे वळली आणि न बोलता खजुराचा डबा पुढे केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मी विचारले, मग आपल्या लाल गाडीची आठवण येत नाही का? ती लगेच म्हणाली, कंडक्टरमामांची येते. लंडनच्या बसमधून कंडक्टर केव्हाच गेले. ठरलेल्या मार्गावरची कंडक्टर असलेली शेवटची जुनी बस 2005 च्या डिसेंबरमध्ये धावली. आपल्याकडे कंडक्टरला कोणती पोरगी कोणत्या फाट्यावर उतरते ते पाठ असते. एखादी धावत येताना दिसली की तो घंटी मारत नाही. “तिथे बस कोणासाठी थांबत नाही, पण येते मात्र वेळेवर,” असे ती म्हणाली. या एका वाक्यात दोन्हीकडची बाजू आली. विद्यार्थ्याला दोन्ही लागते. गाडीची वेळ पक्की हवी आणि गाडीत आपुलकीही हवी. एकावर भागत नाही.

कारण मुसाफिर काही फक्त लंडनला नसतात. सकाळी आपल्या स्टँडवर उभे राहून पाहा. वाड्यावस्त्यांवरून पाठीला दप्तर लावून आलेल्या मुली, पुढे बीडला जाणारी मुले. फाट्यापर्यंत चालत यायचे, मग गाडी. रमजानमध्ये माझ्या वर्गातल्या रोजेदार मुलींचा एक डोळा घड्याळावर असतो, कारण इफ्तारच्या आधी घर गाठायचे असते. त्यांच्या मैत्रिणींचाही असतो; त्यांना रोजा नसतो, पण दिवस मावळायच्या आत घरी ये, असे त्यांच्याही आईने बजावलेले असते. शेवटची गाडी दोघींची एकच.

बऱ्याच गोष्टी सुधारल्याही आहेत, ते मान्य केले पाहिजे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट लागते. मासिक पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे. म्हणजे एक तृतीयांशच पैसे भरायचे. आणि 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरहून येणारी रेल्वे बीडपर्यंत पोचली. आपल्या तालुक्यातल्या रायमोह्यालाही आता स्टेशन आहे. आपल्या आजोबांनी जी रेल्वे नुसती ऐकली, तिच्या खिडकीत नातवंडे बसली.

तरी एक फट राहते. बारावी झाली की मोफत पास संपतो आणि नेमके तेव्हाच कॉलेज लांबचे होते. ऊसतोडीला गेलेल्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ते एक तृतीयांशही दर महिन्याला काढणे सोपे नसते. फी माफ होते, पुस्तके मागून मिळतात, पण गाडीभाडे रोख लागते. मुलगी एकदम कॉलेज सोडत नाही. आधी आठवड्यातून दोन दिवस येत नाही, मग चार दिवस, मग परीक्षेलाच येते आणि पुढच्या वर्षी लग्नाची पत्रिका येते.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अनेक घरांत जकातीचा हिशेब होतो. जकात कोणाला द्यावी याचे नियम आहेत, ते उलेमांना विचारावेत. पण सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते. आणि दान करायला मुसलमान असावे लागते असेही नाही. एखाद्या कॉलेजच्या कार्यालयात जाऊन, नाव न विचारता, एका मुलीच्या वर्षभराच्या पासाचे पैसे भरून येता येतात. कोणाच्या पासाचे, ते प्राचार्यांना माहीत असले म्हणजे झाले.

कपडे, शिरखुर्म्याचा सुकामेवा आणि फितरा यांचा हिशेब ईदच्या आधी घरोघरी कागदावर मांडला जातो. त्या कागदावर आणखी एक ओळ मावते.