डाळमिल घेताय? आधी महिने मोजा!

घरची तूर विकायची आणि बाजारातून डाळ विकत आणायची, हा उलटा व्यवहार किती दिवस करायचा? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळमिलवर गावातच डाळ करता येते. १ क्विंटल तुरीपासून साधारण ७० किलो डाळ मिळते; चुणी जनावरांना होते. तरुणांनी, बचत गटांनी या धंद्यात जरूर उतरावे.

पण एक ध्यानात घ्या. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवावी लागते. म्हणजे भर पावसात काम बंद. यंत्र काही महिनेच चालणार, बँकेचे व्याज मात्र बारा महिने! तेव्हा कर्जाच्या अर्जाआधी वही उघडा. आसपासची किती घरे डाळ करून घेतील? तूर-हरभरा संपल्यावर मूग-उडीद येईल का? वीजबिल, दुरुस्ती आणि घरच्यांची मजुरीही धरा. हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मिळतील का, हे बँकेत आधीच विचारा. सीझनच्या कमाईतून रिकाम्या महिन्यांची रक्कम बाजूला काढा.

हिशेब जुळला तर कचरू नका. एकट्याचा जुळत नसेल, तर दोन-तीन गट मिळून घ्या. अडलेच तर तालुका कृषी कार्यालयात वही घेऊन या. सोबत बसून आकडे मांडू.