रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे : एक उपयुक्त छंद

पुष्कळांची अशी समजूत असते की, ग्रहताऱ्यांची छायाचित्रे घेणे हे वेधशाळेतील शास्त्रज्ञांचेच काम होय. त्यास मोठी दुर्बीण हवी, उंच पर्वतशिखर हवे आणि पदरी पैसाही हवा. ही समजूत बरोबर नाही. तिपाईवर स्थिर राहणारा साधा कॅमेरा, काळोखी जागा आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर जळगावच्या किंवा धुळ्याच्या गृहस्थासही हा छंद सुखाने करता येतो. मात्र त्याचे चीज व्हावयाचे असेल, तर आणखी एक साधन लागते. ते सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच बहुधा सर्वांच्या विस्मरणात जाते. ते साधन म्हणजे नोंदवही.

प्रथम कॅमेऱ्याचा विशेष काय, ते पाहू. मनुष्याचा डोळा कितीही कुशल असला, तरी येणारा प्रकाश तो साठवून ठेवीत नाही. अंधुक ताऱ्याकडे घटकाभर टक लावून पाहिले, तरी तो अधिक तेजस्वी दिसावयाचा नाही. कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवलेला हंडा जसा थेंबाथेंबाने भरतो, तसा कॅमेऱ्यात प्रकाश साठत जातो. १८८२ साली एक मोठा धूमकेतू दिसू लागला, तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी तेथील एका धंदेवाईक छायाचित्रकाराचा, माणसांच्या तसबिरी काढण्याचा कॅमेरा दुर्बिणीस बांधून त्याची छायाचित्रे घेतली. काचेवर धूमकेतू तर उमटलाच. परंतु त्याच्या आजूबाजूस इतके तारे उमटले की, छायाचित्रांवरूनच ताऱ्यांची सूची तयार करावी, ही कल्पना गिल यांनी उचलून धरली. एवढ्या मोठ्या कार्याचा आरंभ तसबिरीच्या कॅमेऱ्यापासून झाला, हे हौशी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता कृतीकडे वळू. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. म्हणून शटर फार वेळ उघडे राहिल्यास तारे बिंदुरूप न उमटता रेघांसारखे उमटतात. याचा ठोकळ हिशेब असा : ५०० या संख्येस भिंगाच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे, जे येईल तितके सेकंद शटर उघडे ठेवावे. ५० मिलिमीटरच्या भिंगास १० सेकंद, तर २५ मिलिमीटरच्या भिंगास २० सेकंद. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी लहान असल्यास वेळ त्या मानाने कमी करावा.

उलट, रेघाच हव्या असतील तर कॅमेरा ध्रुवाकडे वळवावा. जळगाव व धुळे ही दोन्ही गावे सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहेत. म्हणून तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून तितकेच अंश उंच असतो. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळजवळ एवढेच अंतर भरते. तासाभराच्या छायाचित्रात ध्रुवाभोवती सर्व तारे १५ अंशांची वर्तुळखंडे काढतात. पृथ्वीच्या फिरण्याचा याहून सोपा पुरावा मुलांस दाखविणे कठीण.

परंतु सुंदर चित्र निराळे आणि उपयुक्त चित्र निराळे. हा भेद कळण्यास खानदेशाबाहेर जावयास नको. चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले, ही हकिगत त्यात कोरलेली आहे. दानाच्या दिवशी श्रावणी पौर्णिमेचे चंद्रग्रहण होते, असेही त्यात नमूद आहे. या एका उल्लेखामुळे विद्वानांना गणित करून ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस निश्चित करता आला. मठ गेला, राज्य गेले. नोंद मात्र आठशे वर्षे साक्ष देत उभी राहिली.

दुसरे उदाहरण धुळ्याचे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि व्यवसाय शिक्षकाचा. १८९४ साली पुण्यास जाण्यापूर्वी काही वर्षे ते धुळ्याच्या अध्यापकशाळेत होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथांतील व लेखांतील कालनिर्देश चिकाटीने तपासून त्यांनी त्याची उभारणी केली. त्यांच्या आधीच्यांनी तिथी-नक्षत्रे लिहून ठेविली नसती, तर दीक्षितांची बुद्धी तरी काय करणार?

जळगाव आणि धुळे या दोन गावांनी मिळून करण्याजोगे एक काम आहे. डिसेंबरच्या १३ व १४ तारखांच्या सुमारास मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात. त्या जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर पेट घेतात. दोन्ही गावांमध्ये सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर अंतर आहे. साधारण मध्यावर, पारोळ्याच्या आकाशात, एखादी उल्का चमकली, तर ती धुळ्याहून माथ्याच्या पूर्वेस दिसेल आणि जळगावाहून पश्चिमेस. म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दोन्ही स्थाने जवळजवळ ४० अंशांनी निराळी पडतील. मोजणीदार नदी न ओलांडता दोन काठ्यांवरून पलीकडच्या झाडाचे अंतर काढतो. त्याच रीतीने या दोन छायाचित्रांवरून उल्केची उंची काढता येते. १७९८ साली ब्रांडेस व बेंझेनबर्ग या दोन जर्मन विद्यार्थ्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून हाच प्रयोग केला होता.

यात कॅमेऱ्याइतकेच महत्त्व घड्याळास आहे. दोन्हीकडील घड्याळे सेकंदापर्यंत जुळलेली हवीत आणि प्रत्येक छायाचित्रापुढे स्थळ, दिनांक, शटर उघडल्याची व मिटल्याची वेळ आणि भिंग यांची नोंद हवी. ती नसेल तर दोन्ही चित्रे भिंतीवर टांगावयाची शोभा होत. ती असेल तर त्यांतून ज्ञान निघते.

अडचण एकच, आणि ती वाढती आहे. शहरांतील दिव्यांचा उजेड धुळीवर पसरून आकाश पांढुरके करतो. भरवस्तीतून आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे. म्हणून हौशी मंडळींनी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री निवडाव्या. जळगावकरांनी सातपुड्याच्या पायथ्याकडे, धुळेकरांनी साक्रीकडील उघड्या माळांकडे, सोबत घेऊन व स्थानिक लोकांस कळवून जावे. घरच्या अंगणातील दिव्यास वरून झाकण घालून त्याचा उजेड जमिनीवरच पडेल असे करणे, हीदेखील आकाशाची सेवाच आहे. आणि दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच भिंगाने, तितकाच वेळ शटर उघडे ठेवून एक छायाचित्र घ्यावे. दहा वर्षांनी ती दहा चित्रे ओळीने मांडली, म्हणजे खानदेशातला काळोख किती उरला, हे कोणासही वादाविना कळेल. शेजारी नोंदवही मात्र उघडी असली पाहिजे.